चेहरा नटाचा, चित्र पात्राचे

विशेष प्रतिनिधी, महाड

पावसाळ्याचे चार महिने छत्रीवाचून पान हलत नाही, अशा महाड-पोलादपूरच्या मुलखात पोपटलाल ओळखण्यासाठी चेहऱ्याची गरज पडत नाही. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' या मालिकेतील हा लग्नाळू पत्रकार. वहीच्या पानावर एक किरकोळ देहयष्टीची आकृती आणि तिच्याजवळ एक छत्री एवढे रेखाटले, की पाहणारा चटकन नाव सांगतो. मात्र तो नाव सांगतो ते पोपटलालचे. ही भूमिका साकारणारे श्याम पाठक यांचे नाव त्याच्या ओठांवर येतेच असे नाही.

छोट्या पडद्यावरील आवडत्या विनोदी पात्रांची चित्रे काढण्याचा छंद आज शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत अनेकांना जडला आहे. 'फॅन आर्ट' या नावाने तो ओळखला जातो. पेन्सिल, जलरंग, रांगोळी आणि आता मोबाइलचा पडदा अशा सर्व माध्यमांत ही चित्रे निघतात. वरवर पाहता हा निव्वळ कौतुकाचा मामला वाटतो. मात्र चित्र नेमके कोणाचे काढले जाते, नटाचे की पात्राचे, या साध्या प्रश्नापाशी थांबले की चित्रकला, अभिनय आणि कायदा या तिन्हींचे धागे तेथे एकत्र आलेले दिसतात. ज्याला आपले चित्र भिंतीवर लावायचे आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसले तरी चालते. ज्याला तेच चित्र छापून विकायचे आहे, त्याला ते ठाऊक नसणे महागात पडू शकते.

शब्दांतून पडद्यावर, पडद्यावरून कागदावर

मराठी माणसाच्या विनोदी पात्रांचा प्रवास पाहिला तर ही पात्रे बहुधा आधी शब्दांत जन्मलेली आढळतात. चि. वि. जोशी यांचा चिमणराव हे त्याचे ठळक उदाहरण. बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या जोशी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात चिमणराव आणि त्याचा मावसभाऊ गुंड्याभाऊ ही जोडी वाचकांपुढे आणली. 'चिमणरावांचे चऱ्हाट' हे पुस्तक १९३३ मधील. पुढे १९४० मध्ये मास्टर विनायक यांच्या 'लग्न पहावे करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर उभी केली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात 'चिमणराव' मालिकेच्या रूपाने ही जोडी घरांत आली. तेव्हा दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ.

नोकरीधंद्यासाठी मुंबईत राहणाऱ्या महाड-पोलादपूरच्या चाकरमान्यांच्या पिढीने चाळीतल्या एखाद्या बिऱ्हाडात दाटीवाटीने बसून दूरदर्शन पाहिले. त्या पिढीला आज चिमणरावाचे चित्र काढायला सांगितले तर ती प्रभावळकरांचा चेहरा आठवते. त्याआधीच्या पिढीला दामुअण्णा आठवत असत आणि त्याहूनही आधीच्या वाचकाला केवळ जोशींची वाक्ये. चिमणराव एकच, पण त्याचे चेहरे तीन. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पात्र हे नटाच्या चेहऱ्याला जन्मभर बांधलेले नसते. किडकिडा, भिडस्त चिमणराव आणि त्याच्या शेजारी सोटा घेतलेला आडदांड गुंड्याभाऊ ही विजोड आकृती कायम राहते. तिच्यात चेहरे बदलत जातात.

काही वेळा शब्द आणि पडदा यांच्यामध्ये चित्रकार उभा असतो. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा वसंत सरवटे यांच्या रेखाटनांनी चाळीतल्या बिऱ्हाडकरूंना अंगकाठी दिली. आर. के. लक्ष्मण यांच्या बाबतीत तर प्रवास उलट्या दिशेनेही झाला. थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथांवरील 'मालगुडी डेज' या १९८६ च्या मालिकेसाठी त्यांनी रेखाचित्रे काढली. १९८८ च्या 'वागळे की दुनिया' या मालिकेतील मध्यमवर्गीय कारकून लक्ष्मण यांच्याच कल्पनेतून आला आणि अंजन श्रीवास्तव यांनी तो जिवंत केला. म्हणजे चित्रातून माणूस झाला. आज कोणी चाहता श्रीवास्तव यांचा वागळे कागदावर उतरवतो, तेव्हा तो पुन्हा माणसाचे चित्र करीत असतो. चक्र असे पूर्ण होते.

एक नट, चार चेहरे

नट आणि पात्र यांतील अंतर समजून घ्यायचे असेल तर प्रभावळकरांच्याच भूमिका एका ओळीत मांडून पाहाव्यात. चिमणराव, १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातील तात्या विंचू, २००१ मध्ये सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतील आबा, आणि २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई' मधील गांधीजी. या चौघांची व्यक्तिचित्रे शेजारी शेजारी लावली तर चारही चित्रांसाठी एकच नट समोर होता, हे अनोळखी माणसाला पटणार नाही.

त्यांपैकी आबा टिपरे हे चाहत्या चित्रकाराच्या दृष्टीने विशेष कठीण. प्रभावळकर यांचा जन्म १९४४ चा. मालिका सुरू झाली तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते आणि नातवंडांच्या संसारात रमलेला, त्यांच्याहून बराच थकलेला म्हातारा साकारत होते. आबांचे वय त्यांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांत कमी आणि मान पुढे काढण्याच्या, डोळे किलकिले करून ऐकण्याच्या लकबीत अधिक होते. जो चित्रकार केवळ छायाचित्रातील रेषा मोजून काढतो, त्याच्या कागदावर रंगभूषा केलेला एक मध्यमवयीन नट उतरतो. जो मानेचा कल आणि खांद्यांचा उतार पकडतो, त्याच्या कागदावर आबा येतात.

व्यक्तिचित्र म्हणजे माणसाची ओळख, ही व्याख्या येथे अपुरी पडते. विनोदी पात्राच्या चित्रात ओळख पटवायची असते ती एका अशा माणसाची, जो पडद्याबाहेर कोठेच राहत नाही. त्याचे वास्तव्य असते ते पाहणाऱ्यांच्या आठवणीत. म्हणून चित्र बरोबर आले की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आरशाला वा छायाचित्राला नसतो. तो इतर प्रेक्षकांना असतो.

साम्य कशात असते?

चेहरा ओळखताना आपला मेंदू नाक-डोळ्यांची मापे घेत बसत नाही. परिचित चेहरा सर्वसाधारण चेहऱ्यापेक्षा कोठे वेगळा आहे, याची नोंद तो ठेवतो, असे मानसशास्त्रज्ञ मानतात. सुझन ब्रेनन या संशोधिकेने १९८०च्या दशकात संगणकाच्या साह्याने अर्कचित्रे तयार करण्याची पद्धत विकसित केली. सरासरी चेहरा घ्यायचा, त्याच्याशी विशिष्ट व्यक्तीचा चेहरा ताडून पाहायचा आणि जेथे जेथे फरक आहे तेथे तो वाढवायचा. गिलियन ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशी अतिशयोक्त रेखाचित्रे तंतोतंत रेखाचित्रांपेक्षा लवकर ओळखली गेली. नाक थोडे लांब केल्याने माणूस अधिक तोच वाटतो, हा अर्कचित्रकारांचा जुना अनुभव होता. प्रयोगशाळेने त्याला दुजोरा दिला.

विनोदी पात्रांच्या बाबतीत चित्रकाराचे अर्धे काम आधीच झालेले असते. लेखक, रंगभूषाकार, वेशभूषाकार आणि नट यांनी मिळून अतिशयोक्ती केलेली असतेच. चंपकलालची टोपी आणि धोतर, पोपटलालची छत्री, 'चला हवा येऊ द्या' मधील सागर कारंडे यांच्या पोस्टमनचा गणवेश, भाऊ कदम यांच्या शांताबाईचे लुगडे या सगळ्या ओळखीच्या खुणा आहेत. त्या काढून घेतल्या तर पात्र निघून जाते आणि नट उरतो. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' तर चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि डोक्याच्या कडेला उरलेले केस एवढ्या सामग्रीवर अर्धशतक जगला. पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा उभा आहे. कोणत्याही हाडामांसाच्या माणसाशी साम्य नसताना तो प्रत्येकाला ओळखू येतो.

कोकणाला ही गोष्ट नवी नाही. नमन-खेळ्यांतील संकासूर काळा पोशाख, उंच टोकदार मुखवटा आणि घुंगरांचा आवाज यांवरून लांबून ओळखला जातो. त्याच्या आत गावातला कोणता गडी आहे, ही चौकशी नंतरची. सोंग ओळखायचे ते वेशावरून, ही लोककलेतील रीत छोट्या पडद्याने पुढे चालविली आणि चाहत्यांच्या चित्रांनी ती तशीच उचलली, असे म्हणता येईल.

महाडच्या परिसरात एक वेगळी तुलनाही सुचते. एका बाजूला रायगड आणि दुसऱ्या बाजूला चवदार तळे, यांमुळे छत्रपती शिवाजी महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची चित्रे येथे घराघरांत आणि चौकाचौकांत दिसतात. चित्रकलेची आवड असलेल्या मुलाचा हात बहुधा याच चित्रांवर बसतो. आदराच्या चित्राची शिस्त ठरलेली असते. चेहरा शांत हवा, प्रमाण चुकता कामा नये, नजर ढळता कामा नये. विनोदी पात्राचे चित्र नेमके याच्या उलट मागणी करते. तेथे नजर ढळलेली हवी, एक भुवई वर चढलेली हवी, टोपी जराशी कलती हवी. पहिल्या प्रकारात हात बसलेल्या मुलाला दुसऱ्या प्रकारात पहिल्यांदा अडखळायला होते, ते यामुळे.

हसू कागदावर आणताना

मालिका ही चालती गोष्ट आहे आणि चित्र थांबलेली. विनोद तर सारा वेळेवर अवलंबून. नट क्षणभर थांबतो, मग मान वळवतो, मग बोलतो. त्यामुळे मोबाइलवर दृश्य थांबवून जे छायाचित्र मिळते, त्यात पुष्कळदा अर्धवट मिटलेला डोळा किंवा वेडावाकडा झालेला ओठ हाती येतो. तो क्षण खरा असतो, पण तो कोणाच्या आठवणीत नसतो. चाहत्याने एकाच दृश्याच्या आहारी न जाता त्याच प्रसंगातील पाच-सहा क्षण समोर ठेवावेत, प्रत्येकाचे दोन मिनिटांत कच्चे रेखाटन करावे आणि मग पात्राचा स्वभाव सांगणारा भाव निवडावा, ही पद्धत अधिक उपयोगी पडते.

प्रमाणासाठी चौकटींची जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. छायाचित्रावर एक-एक सेंटिमीटरच्या आणि कागदावर तीन-तीन सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या, की एकेका चौकटीतील रेषा उतरवीत चित्र तिप्पट मोठे करता येते. चित्रपटांचे भव्य फलक हाताने रंगविले जात, तेव्हाही हेच तंत्र वापरले जाई. मात्र चौकटी साम्य देतात, भाव देत नाहीत. म्हणून आखणी झाल्यावर चौकटी खोडून चित्र एकदा उलटे धरून आणि एकदा आरशात पाहावे. डोळ्यांची पातळी चुकली असेल तर ती तेथे लगेच दिसते. डोळे कपाळाच्या फार वर काढणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. प्रत्यक्षात ते टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात.

हसऱ्या चेहऱ्याचे मर्म ओठांत नसते. डुशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये दाखवून दिले, की मनापासूनच्या हसण्यात ओठांचे कोपरे वर जातात आणि त्याचबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो. गाल वर सरकतात, खालची पापणी किंचित फुगते आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. ओठ हसरे आणि डोळे कोरे काढले, तर चित्र ओळखपत्रावरील छायाचित्रासारखे दिसते. दात काढताना प्रत्येक दातामधली रेघ गडद केली, तर हसू भेसूर होते. वरच्या दातांचा एकच उजळ आकार ठेवून केवळ कडांना हलकी छाया देणे इष्ट.

मात्र काही उत्तम विनोदी पात्रे मुळीच हसत नाहीत. ती गंभीर असतात आणि हसतो तो प्रेक्षक. अशा पात्राच्या ओठांवर हसू चढविले, तर ते पात्र हातातून निसटते. जेठालालचे चित्र हसण्यापेक्षा त्याच्या हताश नजरेतून अधिक बोलते, कारण दिलीप जोशी यांनी त्या भूमिकेत प्रतिक्रियेला संवादाइतकेच महत्त्व दिले आहे.

रांगोळीतील व्यक्तिचित्र ही महाराष्ट्राची खास कमाई. दिवाळी आणि गणेशोत्सवातील प्रदर्शनांत संत-महापुरुषांच्या जोडीला लोकप्रिय कलावंतांचे चेहरेही रेखाटले जातात. शिरगोळ्याची पूड ही रांगोळीची नेहमीची सामग्री. कोकणात भाताचे तूस जाळून मिळणारी पांढरी राखही परंपरेने वापरली जाई. व्यक्तिचित्रासाठी आधी गाळणीने एकसारखा थर पसरला जातो आणि त्यावर चिमटीने छटा सोडल्या जातात. खोडरबर येथे नाही. चुकले तर त्यावर नवा थर द्यायचा. तासन्‌तास बसून काढलेला चेहरा चार-दोन दिवसांत पुसला जातो, तरीही तो काढणारे काढतात. विकण्यासारखे काही मागे उरत नाही, म्हणून चाहत्याच्या चित्राचे हे सर्वांत निरपेक्ष रूप म्हणावे लागेल.

शिकायचे कोठे?

महाराष्ट्रातील शाळकरी मुलाची चित्रकलेशी औपचारिक गाठ पडते ती कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे विषय. माणसाचा चेहरा समोर ठेवून काढण्याचा स्वतंत्र विषय त्यांत नाही. स्मरणचित्रात माणसे असतात, पण ती बाजारात, जत्रेत, पावसात असतात. त्यांचे चेहरे ओळखू येण्याची अपेक्षा नसते. त्यामुळे चेहरा शिकायचा तर मुले स्वतःच शिकतात आणि त्यासाठी समोर बसायला ज्याला कंटाळा येत नाही असा नमुना म्हणजे पडद्यावरचे पात्र. रोज त्याच वेळी, त्याच कपड्यांत, त्याच भावमुद्रांसह ते हजर होते. या अर्थाने विनोदी मालिकांनी ग्रामीण आणि निमशहरी मुलांना व्यक्तिचित्राची विनामूल्य शाळाच उघडून दिली आहे.

पुढे रीतसर शिक्षण घ्यायचे, तर महाडकरांना एका दिशेला मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय आणि दुसऱ्या दिशेला मुंबई-गोवा महामार्गावरील सावर्डे येथील सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट हे पर्याय आहेत. तेथील अभ्यासक्रमात जिवंत नमुना समोर बसवून काम केले जाते आणि मोबाइलवरील थांबविलेल्या दृश्यातून शिकलेल्या हाताला प्रथमच प्रकाश, हाड आणि स्नायू यांची ओळख होते.

कागदावरच्या चित्रांना या भागात आणखी एक शत्रू आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले, तेव्हा दुकानांतील मालाबरोबर वह्या, पुस्तके, छायाचित्रांचे आल्बम चिखलात गेले. पुराची टांगती तलवार असलेल्या गावात कागदावरील चित्राचे छायाचित्र काढून ते अन्यत्र जतन करून ठेवणे, ही चैन नसून सावधगिरी ठरते.

हक्क कोणाचा?

येथवरचा भाग हौसेचा. मुख्य पेच पुढे आहे. पोपटलालचे चित्र वहीत काढले, भिंतीवर लावले, मित्राला वाढदिवसाला दिले, तर कोणाची हरकत नाही. तेच चित्र टी-शर्टवर, कपावर वा मोबाइलच्या वेष्टनावर छापून विकायला ठेवले तर?

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्रपट वा मालिकेतील एखाद्या दृश्याचे छायाचित्र काढणे हेही त्या कलाकृतीची प्रत करणे ठरते, असे हा कायदा सांगतो. त्याच वेळी खासगी वा वैयक्तिक वापर, समीक्षा, टीका यांसाठीच्या रास्त वापराला कलम ५२ मोकळीक देते. कायद्यात 'पात्र' असा वेगळा शब्द नाही, परंतु न्यायालयांनी ही उणीव भरून काढली आहे. 'दबंग' चित्रपटातील चुलबुल पांडे या पात्रासंबंधीच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, असे वैशिष्ट्यपूर्ण पात्र स्वतंत्रपणे कॉपीराइटचा विषय होऊ शकते, असे मत नोंदविले.

विनोदी मालिकांपुरते बोलायचे, तर महत्त्वाचा आदेश आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. 'तारक मेहता का उल्टा चष्मा'च्या निर्मात्या नीला फिल्म प्रॉडक्शन्सने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. मालिकेचे नाव, पात्रे, संवाद आणि चित्रे वापरून परवानगीविना वस्तू विकल्या जातात, चित्रफिती केल्या जातात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने काही आक्षेपार्ह प्रतिमाही पसरविल्या जातात, अशी तक्रार होती. न्यायालयाने अज्ञात व्यक्तींसह सर्व प्रतिवादींना असा अनधिकृत वापर करण्यास अंतरिम मनाई केली. वहीतल्या चित्राला या आदेशाने धक्का लागत नाही, परंतु पोपटलालचा टी-शर्ट विकणाऱ्याने तो दुर्लक्षून चालणार नाही.

पात्र निर्मात्याचे की नटाचे, हा वादही जुना आहे. 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल' मधील गुत्थी हे पात्र करणारे सुनील ग्रोव्हर २०१३ मध्ये कार्यक्रमातून बाहेर पडले, तेव्हा वाहिनीने जाहीर सूचना देऊन त्या पात्रावर आपला हक्क असल्याचे बजावले होते. म्हणजे ज्याच्या अंगावर ते पात्र चढले होते, त्याच्याशीही हक्काचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. चाहत्याने काढलेल्या चित्रात तर दोन हक्क एकत्र आलेले असतात. वेश, नाव आणि स्वभाव हा निर्मात्याचा प्रांत; आणि चेहरा, आवाज हा नटाचा.

नटाच्या चेहऱ्यावरील हक्कालाही न्यायालयांनी सीमा आखली आहे. गायक दलेर मेहंदी यांच्या रूपातील बाहुल्या विकणाऱ्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला. मात्र त्याच निकालात, व्यंगचित्र, उपहास आणि विडंबन यांवर या हक्काचा बडगा उगारला गेल्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच होईल, असा इशाराही दिला. मे २०२४ मध्ये अभिनेते जॅकी श्रॉफ यांच्या दाव्यात याच न्यायालयाने त्यांच्या नावाचा व्यापारी गैरवापर रोखला, पण त्यांच्या मुलाखतीवर विनोदी चित्रफीत करणाऱ्या एका तरुणाला लगेच मनाई करण्यास नकार दिला. दोन्ही निर्णयांचा सूर एकच आहे. माणसाची ओळख विकू नका, पण तिच्यावर भाष्य करायला बंदी नाही.

चाहत्या चित्रकाराने यातून घ्यायचा व्यावहारिक बोध साधा आहे. सरावासाठी आणि स्वतःच्या आनंदासाठी काढावे. चित्र इतरांना दाखविताना पात्राचे, मालिकेचे आणि नटाचे नाव लिहावे. वाहिनीचे बोधचिन्ह वापरू नये. छापून विकायचे असेल तर निर्मात्याची लेखी परवानगी घ्यावी. कोणी पैसे देऊन एखाद्या पात्राचे एकच चित्र काढून मागितले तरी ते व्यापारातच मोडते, याचे भान ठेवावे. ज्याला चित्रकलेवरच पोट भरायचे आहे, त्याने या पात्रांवर हात बसवून पुढे स्वतःची पात्रे निर्माण करावीत, हाच दूरदृष्टीचा मार्ग. लक्ष्मण आणि सरवटे यांची नावे राहिली ती त्यांच्या स्वतःच्या रेषेमुळे.

कायद्यापलीकडेही एक मर्यादा आहे. विनोदी पात्राचे शरीर, रंग वा दात यांवर हसण्याची सवय मालिकांनी काही प्रमाणात लावली आहे. अतिशयोक्ती करताना चित्रकार कोणता फरक वाढवितो, यावर चित्राची जात ठरते. पात्राची फजिती वाढविली तर नटही त्यावर खळखळून हसेल. नटाच्या शरीराची कुचेष्टा वाढविली तर ते चित्र चाहत्याचे राहत नाही.

यंत्र काढते ते चित्र कोणाचे?

मार्च २०२५ मध्ये जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीत कोणतेही छायाचित्र क्षणार्धात बदलून देणाऱ्या संगणकीय सुविधेने जगभर धुमाकूळ घातला. भारतातही कौटुंबिक छायाचित्रांपासून गाजलेल्या मालिका-चित्रपटांतील प्रसंगांपर्यंत सर्व काही त्या शैलीत फिरू लागले. तेव्हापासून हाताने काढणाऱ्या चाहत्यांना 'हे तुम्हीच काढले का?' हा प्रश्न ऐकावा लागणे स्वाभाविक आहे.

यंत्राचे चित्र नेटके असते, यात शंका नाही. मात्र विनोदी पात्राच्या बाबतीत नेटकेपणा हा गुणच असतो असे नाही. यंत्राला पुरविलेल्या असंख्य चित्रांतून ते चेहऱ्याचा एक गुळगुळीत, सर्वसंमत अवतार तयार करते. म्हणजे अर्कचित्रकार ज्या सरासरीपासून दूर जाण्यासाठी धडपडतो, त्याच सरासरीकडे यंत्र परतू पाहते. शिवाय एखाद्या प्रेक्षकाला आबा टिपऱ्यांत आपले आजोबा दिसले असतील, तर त्याच्या रेषेत नकळत त्या आजोबांची हनुवटी येते. ही चूक यंत्राकडून होत नाही. चाहत्याच्या चित्राचे मोल मात्र बरेचसे या चुकीतच असते.

नट वय झाल्यावर थकतात, काही जग सोडून जातात. 'तारक मेहता'मधील नट्टूकाका साकारणारे घनश्याम नायक ३ ऑक्टोबर २०२१ रोजी निवर्तले. मालिका पुढे चालू राहिली. नट्टूकाकांची चित्रे काढणारे मात्र त्याच चेहऱ्यापाशी थांबले, कारण त्यांच्या लेखी तो चेहरा आणि ते पात्र एकरूप झाले होते. कोणत्या पात्राचा चेहरा बदलता येतो आणि कोणत्या पात्राचा नाही, याचा कौल कोणतेही न्यायालय वा वाहिनी देऊ शकत नाही. तो पावसाळी संध्याकाळी दूरचित्रवाणी संचासमोर वही घेऊन बसलेल्या एखाद्या मुलाच्या पेन्सिलीतून येतो.